न पडलेल्या नमुन्याची गोष्ट

शास्त्रीय शोधनिबंधाचे गद्य वरवर पाहता किती निर्विकार असते! तिथे मोजमापे घेतली जातात, आलेख काढले जातात, निष्कर्ष निघतात. हे सारे करणारा माणूस मात्र कुठे दिसत नाही. त्या अदृश्य माणसाला अलगद पुढे आणण्याचे काम सी. डी. ग्रॅहॅम या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९५७ साली केले. 'मेटल प्रोग्रेस' या नियतकालिकात त्यांनी संशोधन-अहवालांचा एक चिमुकला कोश प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक भारदस्त वाक्प्रयोगासमोर लेखकाच्या मनातला अर्थ दिला होता.

त्यातल्या एका जोडीपाशी आपण थोडे रेंगाळू. धातूचा नमुना उपकरणात बसवताना त्याच्यावर चुकून ताण आला, असे एक नोंद अदबीने सांगते. अर्थ असा, की तो जमिनीवर पडला! गंमत अशी, की ते वाक्य खोटे मुळीच नाही. ग्रॅहॅम यांचा विषय चुंबकीय पदार्थांचा, आणि अशा धातूचा स्फटिक आपटला तर त्याच्या अंतर्रचनेत ताण उरतो, त्याचे चुंबकीय गुणधर्मही बदलू शकतात. वाक्यात सगळे खरे आहे. फक्त जमीन तेवढी वगळली आहे. या नोंदीवरचे हसू ओसरण्याआधीच तिची जोडीदारीण येते: संपूर्ण प्रयोगात नमुना अत्यंत काळजीपूर्वक हाताळला, म्हणजे तो जमिनीवर पडला नाही. पहिल्या नोंदीत चातुर्य आहे, पण दुसरीत खरी प्रतिभा आहे. एका नकारानिशी अख्खी प्रयोगशाळा आपल्यासमोर उभी राहते, चिमट्यात धरलेला तो इवलासा स्फटिक दिसू लागतो, आणि काहीही न घडणे हीच तिथे केवढी मोठी कामगिरी असते, हे उमगते.

दुसरे सौंदर्य मितव्ययाचे. उत्तर परिमाणाच्या कोटीपुरते बरोबर आहे, म्हणजे दहापटीच्या आसपास कुठेतरी, हे डौलदार विधान एका बाजूला आणि समोर 'चूक' एवढाच अर्थ! आभाराच्या नोंदीत तर हास्याला करुणेची किनार आहे. एकाचे प्रयोगातील साहाय्याबद्दल आणि दुसऱ्याचे मौलिक चर्चेबद्दल आभार मानले आहेत. खरा अर्थ हा, की पहिल्याने काम केले आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ लेखकाला समजावून दिला. मग लेखकाने काय केले? हा प्रश्न कोशकार विचारत नाही, तो आपल्यावर सोपवतो, आणि निबंधाच्या शेवटच्या ओळींत राबत्या हातांची बोळवण कशी होते, हे आपल्याला हसता हसता जाणवते.

या थट्टेत कुठेही विखार नाही, कारण ग्रॅहॅम स्वतः त्याच घरातले होते. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत तेही असेच नमुने हाताळत. हा कोश वाचून विज्ञानावरचा आपला विश्वास ढळत नाही, उलट अधिक जाणता होतो. थरथरणारे हात, अर्धवट कळलेले निकाल आणि सहकाऱ्यांची उधार बुद्धी यांतून पारखून निघालेले ज्ञान आपल्याला अधिक आपले वाटते. आणि धातुविद्येच्या एका गंभीर नियतकालिकाने ही थट्टा आपल्याच पानांवर आनंदाने मिरवली, याहून त्या विद्येच्या निकोप प्रकृतीचा दुसरा दाखला कोणता हवा?