गोटूल कोणाचं, ओपन स्पेस कोणाचा
(हुडकेश्वर, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



हुडकेश्वरला व्याख्यान आणि विषय गडचिरोलीतल्या ग्रामसभेचा, हे ऐकून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, इथल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. इथं येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ले-आउट लागतात. इथं शेती होती, ग्रामपंचायत होती; आता महानगरपालिका आहे. नागपूरच्या चहूबाजूंनी शेतांचे असे तुकडे पडले, त्यातले बरेच गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या नावाने. लोकांनी हप्ते भरले, प्लॉट घेतला, रजिस्ट्री लागली, आणि बहुतेकांचा सहकार त्याच दिवशी संपला. नागपुरात दोन प्लॉटधारक भेटले की विचारतात, "आरएल झालं का?" सोसायटीची सभा कधी झाली, असं विचारणारा आम्हाला तरी अजून भेटायचा आहे. नकाशावर एक ओपन स्पेस दाखवलेला असतो. तिथं गाजरगवत असतं नाहीतर कुणाच्या तरी गिट्टीचा ढीग. तो सगळ्यांचा आहे म्हणतात. त्याचा कागद कुणाजवळ आहे, ते मात्र सांगता येत नाही.

आजची आमची तक्रार 'सहकार' या शब्दाविषयीच आहे. एकत्र येऊन आपापल्या नावाने मालक होणं हा सहकार, आणि एकत्र येऊन एकत्रच मालक राहणं हाही सहकार, असं आपण बोलतो. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरल्यामुळे आदिवासी भागात बरंच नुकसान झालं आहे.

जंगल कामगार सहकारी संस्थांचं बघा. मुंबई प्रांतात 1947 पासून त्या उभ्या राहिल्या. हेतू चांगला होता. ठाणे, नाशिक, खानदेशातल्या जंगलात लाकूडतोडीचा ठेकेदार आदिवासींना लुबाडत होता, त्याला बाजूला सारून कूप थेट आदिवासींच्या संस्थेला द्यायचा. मजुरी सुधारली, ठेकेदाराचा जाच बऱ्याच ठिकाणी कमी झाला, हे मान्य केलंच पाहिजे. पण कूप कुठला, झाडं कोणती, किती तोडायची, हे वनखात्यानं ठरवायचं. हिशेब आणि पत्रव्यवहार पुरस्कर्त्या संस्थेच्या शिकलेल्या माणसानं पाहायचा. भागधारक आदिवासी कुऱ्हाड चालवणार. जंगल त्याचं नव्हतंच, आणि संस्थेची वहीही त्याच्या हातात नव्हती. पुढे 1972 साली आदिवासी विकास महामंडळ आलं, एकाधिकार खरेदी आली, आदिवासी विविध कार्यकारी संस्था आल्या. तिथंही आदिवासी सभासद आहे, पण काट्यापाशी तो माल घालणाराच असतो.

आता मेंढा. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव, लेखा या गटग्रामपंचायतीतलं, म्हणून मेंढा-लेखा. 'मावा नाटे माटे सरकार', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' वाचलेलेही इथं असतील. मेंढ्याची गोष्ट लोक बहुधा जंगलापासून सुरू करतात. आमच्या मते ती एका इमारतीपासून सुरू करायला हवी.

इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यानंतरच्या काळात गावानं आपलं गोटूल पुन्हा बांधायचं ठरवलं. गोटूल म्हणजे तरुणांनी एकत्र राहण्या-शिकण्याची जागा, गावाचं सभागृहच म्हणा. लाकूड आपल्याच जंगलातून आणलं. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून गोटूल मोडलं. गावानं पुन्हा उभारलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी केली. आजच्या सरकारी भाषेत ही 'सामुदायिक पायाभूत सुविधा'. कुणी मंजूर केली नाही, निधी दिला नाही, फीत कापली नाही. मेंढ्यात जंगलाच्या मालकीचा प्रश्न गावाला एक खोली बांधायची होती म्हणून असा समोर उभा राहिला. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आदिवासी जंगलाचे मालक झाले. झाले का? कायद्यानं बांबू हे गौण वनउपज आहे. तरी बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि पासांचं पुस्तक खात्याजवळ. ते ग्रामसभेच्या हातात पडायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना मेंढ्यात यावं लागलं. एका पासबुकासाठी! लोक या प्रसंगाकडे सोहळा म्हणून पाहतात. आम्ही तो पुरावा म्हणून पाहतो. मधली दीड-पावणेदोन वर्षं गाव कागदोपत्री मालक होतं आणि बांबू जागेवर उभा होता. ही मालकी पासबुकात, हजेरीपटात, कुलपाच्या किल्लीत आणि ठरावाच्या वहीत असते. सरकारनं हक्क दिला, या वस्तू देताना हात आखडला.

तीच गत सुविधांची. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, वीजवाहिनी अशा तेरा कामांसाठी वनजमीन वापरता येते. प्रत्येक काम एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शिफारस! इमारत उभी राहिली की ती त्या त्या खात्याची. हातपंपाचा दांडा तुटला तर ग्रामसभेनं अर्ज करायचा. 2015 पासून पेसा गावांसाठी आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी आला, चांगली गोष्ट आहे. पण तोही ग्रामपंचायतीच्या वाटेनं येतो, आणि गटग्रामपंचायतीत मेंढ्यासारखं गाव हा एक तुकडा असतो.

मेंढ्यानं 2013 मध्ये ग्रामदानाचा निर्णय का घेतला, ते इथं कळतं. पुष्कळांनी त्यात विनोबांची आठवण पाहिली, भावुक झाले. आम्हाला त्यात व्यवहार दिसतो. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यात शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा आणि वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहतो, गावाबाहेरच्याला विक्री होत नाही. शिवाय ग्रामदानी गावाच्या ग्रामसभेला ग्रामपंचायतीचे अधिकार मिळू शकतात. म्हणजे जंगल, शेत आणि विकासकाम, तिन्ही वह्या एका टेबलावर. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत 36-अ कलम आहेच, पण तिथं राखणदार अधिकारी आहे. शासनाची परवानगी मिळाली की दार उघडतं. ग्रामदानात राखणदार शेजारी असतो. त्याला फसवणं जास्त अवघड.

इथवर आम्ही मेंढ्याच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू, कारण ती बोलली जात नाही. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. ऐकायला सुंदर आहे. पण जी बाई सभेत मागे बसली आणि गप्प राहिली, तिची सहमती कशी मोजायची? बहुमतात निदान विरोधाची नोंद होते, दोन हात वर दिसतात. सहमतीत विरोध नोंदीशिवाय विरघळतो. लहान, एकजिनसी गावात, वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवलेल्या गावात हे निभतं. दोन जमाती, तीन पक्ष आणि एक तेंदूचा ठेकेदार असलेल्या गावात निभेल, असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सहकारी संस्थेवर निबंधक असतो, लेखापरीक्षण असतं, संचालक मंडळ बरखास्त होऊ शकतं. या निबंधकशाहीवर आम्ही पुष्कळ टीका केली आहे, पुढेही करू. पण बांबू-तेंदूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले की पॅन, टीडीएस, निविदा, करारनामा हे सगळं येतं, आणि बरेचदा गावातल्या बारावी झालेल्या एकाच पोराच्या डोक्यावर बसतं. तो पोरगा उद्या नागपूरला गेला तर? पूर्वी वही पुरस्कर्त्या संस्थेच्या साहेबाजवळ होती, आता एका पोराजवळ आहे. जागा बदलली, पण वही अजून गावाची झाली नाही.

कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. ठेकेदाराशी बोलताना एकटं गाव कमी पडतं, हे त्यांनी ओळखलं. वह्यांचा प्रश्न सुटायचा तर तो अशाच ठिकाणी सुटेल, असं आम्हाला वाटतं. एकेका 'आदर्श गावा'चे गोडवे गाऊन नाही. आदर्श म्हटलं की आपण बघायला जातो, फोटो काढतो आणि इथं येऊन आपल्या ओपन स्पेसवर गिट्टी टाकतो.

तर हुडकेश्वर. ज्यांच्या ले-आउटमध्ये ओपन स्पेस आहे, त्यांनी एवढंच शोधून आणा: तो कुणाच्या नावावर आहे, संस्थेच्या, मूळ शेतमालकाच्या, नासुप्रच्या की महानगरपालिकेच्या? संस्था असेल तर तिची शेवटची वार्षिक सभा कधी झाली, आणि इतिवृत्ताची वही कुणाच्या कपाटात आहे? पुढच्या बैठकीत ते कागद मधोमध ठेवू आणि तिथून बोलू. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्या.