माळवद, स्लॅब आणि सवणे

विट्याच्या जुन्या शेतकरी घरांवर स्लॅब पडला की ‘संस्कृती बुडाली’ म्हणणे सोपे. मीही तसे लिहिले होते. आता मागे घेतो. माळवदावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती घालून चोपावी लागते. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी घरची माणसे देशभर पांगली. माती चोपणार कोण? स्लॅब आला तो हात उरले नाहीत म्हणून.

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तल्या ढासळत्या वाड्यावर आपण भरपूर लिहिले, दुरुस्त होऊन नांदत्या घरावर फारसे नाही. न्हाणी परसातून घरात आली, चुलीपुढची बाई ओट्याशी उभी राहिली, हे मला सोप्यातल्या कोरीव खांबाइतकेच मोलाचे वाटते.

आक्षेप वेगळाच आहे. माती-दगडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते. आणि माळवदाबरोबर उजेडाचे सवणेही बुजते. खांबांना पॉलिश होते, कारण पाहुणे सोप्यात बसतात. माजघरात मात्र भरदिवसा बल्ब लागतो. स्लॅब ओततानाच हातभर चौकोन मोकळा सोडून वर काच बसवता येते. आमच्या घरी मी ते विसरलो. पहिल्याच दुपारी आईने विचारले, “उजेड कुठं गेला रं?”