जिल्हा निवासी प्रशिक्षण : पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या रचनेची चिकित्सा (सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यास ‘निवासी डॉक्टर’ म्हटले जाते. १८८९ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, विद्यार्थ्याने रुग्णालयातच राहून वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकावे, ही पद्धती रुजली. भारतात महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय हेच या निवासाचे स्थान ठरले. २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेच्या प्रशासक मंडळाने या रचनेत बदल केला. २०२१ च्या तुकडीपासून एम.डी., एम.एस. च्या ३६ महिन्यांपैकी ३ महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काढणे बंधनकारक झाले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांतही ही तरतूद कायम आहे.

रचनेतील उणीव :
सेवेतून शिक्षण हा या तरतुदीचा उद्देश स्वागतार्ह आहे. तथापि हे ३ महिने समाधानकारकरीत्या पूर्ण करणे ही केवळ अंतिम परीक्षेस बसण्याची अट आहे. जिल्ह्यात नेमके काय शिकले, याला लेखी उत्तरपत्रिका आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्र स्थान नाही. म्हणजेच निवास बदलला, परीक्षा मात्र जागची हलली नाही. ज्याची परीक्षा नाही ते विद्यार्थी दुय्यम मानतो, हा अनुभव कोणत्याही विद्याशाखेतील अध्यापकास नवा नाही.

जिल्हा काय शिकवतो, हे सिंधुदुर्गच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात आलेला अत्यवस्थ रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि अनेकदा तेथून गोव्यातील बांबोळीस पाठवावा लागतो. कोणाला थांबवून घ्यावे, कोणाला पाठवावे आणि पाठवण्यापूर्वी कोणते उपचार करावेत, या निर्णयावर प्राण अवलंबून असतो. सर्व विभाग हाताशी असलेल्या महानगरीय रुग्णालयात हा निर्णय शिकता येत नाही.

दुसरी बाब ऋतूंची. भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिस, तर २०१६ पासून दोडामार्ग परिसरात आढळलेला, गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप प्रामुख्याने हिवाळ्याअखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत दिसतो. सत्राच्या सोयीने नेमलेल्या सलग ३ महिन्यांत यांपैकी एकच हंगाम पदरी पडतो.

संभाव्य आक्षेप :
जिल्ह्यात पुरेसे तज्ज्ञ अध्यापक नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो काही विषयांपुरता खराही आहे. परंतु ज्ञान केवळ महाविद्यालयातच निर्माण होते, हे गृहीतक कोकणातच खोटे ठरले आहे. रायगड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णांवर उपचार करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपयोगाचा अभ्यास केला आणि तो १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

समारोप :
केवळ कालावधी वाढवल्याने प्रश्न सुटणार नाही. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे नंतर काय झाले, याची नोंद विद्यार्थ्याने ठेवावी. तिच्यावर महाविद्यालयातील व जिल्ह्यातील अशा दोन्ही मार्गदर्शकांनी चर्चा करावी आणि अंतिम प्रात्यक्षिकात तिला गुण असावेत. ३ महिन्यांची विभागणी स्थानिक रोगांच्या हंगामानुसार करता यावी. परीक्षक मंडळात जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञास स्थान मिळावे. असे झाले नाही तर जिल्हा रुग्णालयाला काही काळापुरते मनुष्यबळ मिळेल; मात्र बांबोळीच्या वाटेवरील रुग्णाला ज्याची खरी गरज आहे, तो निर्णयक्षम तज्ज्ञ घडणार नाही.