शिक्षकाचे कठोर बोलणे आणि मराठीतील लिंगभेद

शिक्षकाने केलेला विद्यार्थ्याचा मानभंग समाज कोणत्या शब्दांनी ओळखतो, या प्रश्नाचा विचार अहमदनगरातून (आजचे अहिल्यानगर) आरंभिणे उचित होय. मिस फॅरार यांची येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात तशी शाळा काढली; सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फॅरार यांच्याकडे झाले. स्त्री शिक्षिका झाली खरी. परंतु 'पंतोजी' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप रूढ झाले नाही. ती 'बाई'च राहिली.

चारचौघांदेखत पाणउतारा करणारे गुरुजी 'कडक', 'शिस्तीचे' ठरतात. तेच शब्द बाईंच्या तोंडी आले की त्या 'खाष्ट', 'कजाग' होतात. पहिली विशेषणे कर्तव्याची, दुसरी स्वभावाची. पुरुषाचा दोष शिस्तीच्या आड लपतो. स्त्रीचा दोष तिच्या स्त्रीपणावर लादला जातो. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. रडणारी मुलगी 'हळवी', रडणारा मुलगा 'बायकी'. एकीचे दुःख स्वभावात जमा होते. दुसऱ्याला ते बोलून दाखविण्याचीही चोरी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. तेथे लिंगभेदास स्थान नाही. परंतु तक्रार प्रथम उच्चारली जाते ती घरच्या बोलीत, आणि 'सर कडकच आहेत' एवढ्यावर ती विरते. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात या विशेषणांची चिकित्सा व्हावयास हवी. कोण बोलले हे बाजूस ठेवून काय बोलले व ते कोणास लागले, हे विचारणे ही तिची पहिली पायरी होय.