गोंदा ते गेंदा: एका गाण्याचा प्रवास

प्रस्तावना

'दिल्ली-६' (२००९) या चित्रपटातले 'गेंदा फूल' हे गाणे तुम्ही लग्नघरात किंवा स्नेहसंमेलनात ऐकले असेल, कदाचित त्यावर नाचलाही असाल. गाण्यातली नवविवाहिता नवऱ्याचे कौतुक करताना म्हणते, की त्याच्यासारखी ऐट साऱ्या रायपुरात कोणाची नाही. चित्रपट तर जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांमधला. मग त्यात रायपूर कुठून आले?

उत्तर सोपे आहे. गाणे मुळात छत्तीसगढी आहे आणि रायपूरच्या जोशी भगिनींनी, म्हणजे रमा, रेखा आणि प्रभा जोशी यांनी, ते चित्रपटाच्या कितीतरी आधी लोकप्रिय केले होते. एकच गाणे वेगळ्या शैलीत पुन्हा गायले गेले, की 'मूळ चांगले की नवे?' असा वाद रंगतो. त्यातून फारसे हाती लागत नाही. या पाठात आपण तीन प्रश्न विचारू: काय ठेवले? काय गाळले? आणि नव्या रूपात बोलणारी व्यक्ती तीच राहिली का?

१. छत्तीसगढी रूप

छत्तीसगढीत झेंडूला 'गोंदा' म्हणतात. तिथल्या सांस्कृतिक जीवनात या फुलाला मोठा मान आहे. रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या प्रसिद्ध लोकमंचाचे नावही 'चंदैनी गोंदा' असेच होते.

गीताच्या धृपदात सासुरवाशीण आपले गाऱ्हाणे मांडते. सासू शिव्या देते. नवराही शिव्या देतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. मग निघण्याची वेळ झाल्याचे आणि केळीच्या बागेत 'डेरा' टाकण्याचे बोलणे येते. त्यानंतरच्या कडव्यांत गाडीत बसून एक व्यापारी येतो, सायकलवरचा कोणी ओळखून घ्यावासा वाटतो, आणि एकदम राम-लक्ष्मण शस्त्रे घेऊन उभे राहतात व हनुमान सीतेच्या शोधाला निघतो.

या कडव्यांचा एकमेकींशी काय संबंध? कथेचा काहीच नाही. ही 'ददरिया'ची रीत आहे. शेतात काम करताना गायल्या जाणाऱ्या या छत्तीसगढी गीतप्रकारात दोन-दोन ओळींची कडवी सुटी असतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. एका ओवीत भाऊराया, दुसरीत पंढरीचा विठ्ठल, तिसरीत सासूचा जाच. आणि दळण संपेपर्यंत बाई मनात येईल ती ओवी गाते. सुटेपणा हा इथे दोष नव्हे. उघड बोलता न येणारी तक्रार इतर ओळींच्या गर्दीत सांगून टाकण्याची ती सोय आहे.

२. चित्रपटातले रूप

ए. आर. रहमान यांच्या संगीतात चाल ओळखीची राहिली, खाली आधुनिक ठेका आला. रेखा भारद्वाज, श्रद्धा पंडित आणि सुजाता मजुमदार यांनी ते गायले. रेखा भारद्वाज यांना या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बायकांचा घोळका एकत्र बसून गातो आहे, हा भाव नव्या रूपातही टिकला, हे त्याचे मोठे यश.

शब्द मात्र तपासून पाहा. प्रसून जोशी यांच्या हिंदी गीतात सासू अजून रागावते, पण दीर समजूत घालतो. शिव्या देणारा नवरा आता लाडाने छेड काढतो. सुट्या कडव्यातला व्यापारी इथे नवराच होतो आणि परदेशी निघतो. 'डेरा' हा शब्द टिकला, पण केळीच्या बागेतून उठून तो नवऱ्याच्या घरी आला. वडिलांचे अंगण सोडून आलेल्या मुलीला आता तो आवडू लागला आहे.

म्हणजे सुटी कडवी जोडून एका सुखी सुनेची गोष्ट तयार झाली. चित्रपटाला पात्र आणि प्रसंग लागतात, ददरियाला लागत नाहीत, हे एक कारण. पण या जुळणीत तक्रारीचे लाडात रूपांतर झाले. मूळ गाणाऱ्या बाईला नवऱ्याबद्दल जे म्हणायचे होते, नेमके तेच गळाले. २०१० मध्ये 'ससुराल गेंदा फूल' ही दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा या शब्दांतून सासरचे गोडवेच ऐकू येत होते.

३. श्रेय कोणाचे?

लोकगीत म्हटले, की 'पारंपरिक' असे लिहून मोकळे होता येते. छत्तीसगढमध्ये मात्र या गीताचे रचनाकार म्हणून गंगाराम शिवारे यांचे नाव घेतले जाते. कायदा इथे काय सांगतो? प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ३१-क नुसार, पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी कोणीही पूर्वसूचना आणि स्वामित्वधन देऊन कव्हर व्हर्जन काढू शकतो. पण स्वामित्वधन द्यायला कर्ता माहीत असावा लागतो. 'पारंपरिक' या एका शब्दाने तो प्रश्नच मिटतो.

योगायोगाने 'गेंदा फूल' याच नावाचे, पण अगदी वेगळे, रॅपर बादशाह यांचे गाणे मार्च २०२० मध्ये आले. त्यात बीरभूमचे लोककवी रतन कहार यांच्या बंगाली गीताचा भाग होता, पण श्रेयात त्यांचे नाव नव्हते. टीका झाल्यावर बादशाह यांनी त्यांना ५ लाख रुपये दिले. २०२४ मध्ये कहार यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे 'पारंपरिक' समजल्या गेलेल्या गीताचा कवी आपल्या गावी हयात होता.

समारोप

चित्रपटातले गाणे वाईट आहे, असे हा पाठ म्हणत नाही. ते सुरेख आहे, आणि त्याच्यामुळेच देशभर अनेकांना या चालीची ओळख झाली. पण शैली बदलली, की केवळ वाद्ये बदलत नाहीत. कोणाला काय बोलता येईल, तेही बदलते. पुढच्या वेळी लग्नात हे गाणे लागले, तर नाचा जरूर. फक्त गाण्यातला नवरा छेड काढू लागला, की आठवा, रायपूरची ती सून याच जागी काही वेगळेच सांगत होती.

स्वाध्याय

१. तुमच्या भागातले एक भोंडल्याचे, भुलाबाईचे किंवा जात्यावरचे गीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून ऐकून लिहून घ्या. गाणारीचे नाव, गाव आणि ते गीत ती कोणाकडून शिकली, याची नोंद करा.

२. त्याच गीताचे किंवा चालीचे चित्रपटातले अथवा रिमिक्स रूप सापडल्यास दोन्हींची तुलना पाठातल्या तीन प्रश्नांच्या आधारे करा.