संघ निवडणं आणि संघ सांभाळणं

'फुटबॉल मॅनेजर'सारखे खेळ आपल्याकडे का चालत नाहीत, याची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, पोरांकडे लॅपटॉप नाही. दोन, आपल्याला धीर नाही. या खेळात तुम्ही मैदानात कोणाला पळवत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. खेळाडू विकत घ्यायचे, सराव ठरवायचा, अकरा जण निवडायचे आणि मग हात बांधून मॅच बघायची, असे दहा-दहा सीझन. हे आपल्याला झेपणारं नाही म्हणे.

पहिलं उत्तर शिळं झालंय. या खेळाची फोनवरची आवृत्ती २०२३च्या अखेरीस नेटफ्लिक्सच्या वर्गणीत आली. दुसरं ज्यांना पटतं त्यांनी अलिबाग-मुरुडकडच्या एखाद्या गावात कबड्डी मंडळाच्या बैठकीला जाऊन बसावं. डाव्या कोपऱ्यात कोण, कोणाचा गुडघा अजून दुखतोय, मुंबईला नोकरीला असलेला चढाईपटू शनिवारी वेळेत पोहोचणार का, यावर माणसं मध्यरात्रीपर्यंत भांडतात. धीर भरपूर आहे.

मला वाटतं, असे खेळ तिथे रुजतात जिथे खेळणाऱ्याच्या आजूबाजूला खरी शिडी उभी असते. सर्वात खालच्या पायरीवर आपल्या गावचा क्लब, सर्वात वर देशातला अव्वल क्लब, आणि मधल्या पायऱ्या चढता-उतरता येणाऱ्या. 'फुटबॉल मॅनेजर'चा पूर्वज 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ साली इंग्लंडात आला. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी तो घरी बसून लिहिला होता. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावं चक्क बनावट होती. क्लब आणि डिव्हिजन मात्र खरे. खेळाडू खोटे चालले, कारण शिडी खरी होती.

हे इंग्रजांपुरतंच नाही. जपानमध्ये जे-लीग १९९३ला सुरू झाली आणि १९९६ला सेगाने जे-लीगचा क्लब उभारण्याचा खेळ बाजारात आणला. आधी लीग, मग खेळ. अमेरिकेत बेसबॉलचा संघ चालवायला लोक 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' खेळतात. तो सुरू केला मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने. म्हणजे खेळ कुठल्या देशात बनला याला महत्त्व नाही, बेसबॉलचे क्लब कुठे आहेत याला आहे.

आता आपल्याकडे बघा. क्रिकेट आहे, पैसा आहे, स्मार्टफोन आहेत. तरी आपल्याला मिळालं काय, तर ड्रीम ११. अकरा जण निवडा, कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट, रात्री हिशेब आणि सकाळी संघ विसर्जित. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने यातला पैशांचा भाग बंद झाला. पण पैसा बाजूला ठेवला तरी तो संघ निवडण्याचाच खेळ होता, संघ सांभाळण्याचा कधीच नव्हता.

याचा दोष फँटसीवाल्यांना देणं मला फारसं पटत नाही. त्यांनी जे समोर होतं त्याचीच नक्कल केली. आयपीएलच बघा ना. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दाहला मोठा लिलाव झाला तेव्हा प्रत्येक संघाला जास्तीत जास्त सहा खेळाडू राखता आले, बाकीचे सगळे पुन्हा बाजारात. अठराव्या वर्षी हाताशी धरलेला पोरगा एकविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या जर्सीत. अशा स्पर्धेचा दहा सीझनचा खेळ बनवून करायचं काय? फुटबॉलमध्येही तेच. आयएसएल २०१४ला सुरू झाली, आणि खालून जिंकून वर आलेला पहिला क्लब, पंजाब एफसी, दिसायला २०२३ उजाडलं. शेवटचा नंबर आला म्हणून खाली कोणी जात नव्हतं. पडण्याची भीती नसेल तर मॅनेजर कशाला हवा?

गंमत म्हणजे शिडी आपल्याकडे आहे, फक्त टीव्हीवर नाही. मुंबईची कांगा लीग १९४८पासून भर पावसात खेळली जाते. तिथे ए पासून खालपर्यंत डिव्हिजन आहेत आणि संघ वर-खाली होतात. कबड्डीत गावचं मंडळ, मग जिल्ह्याची निवड, मग राज्य. आणि खेळाडूची 'ट्रान्सफर' म्हणजे नोकरी! पोलीस, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम यांच्या संघांनी कबड्डीपटूंना पगार दिला, तेव्हा प्रो कबड्डी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

कोड लिहून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, कबड्डीचा सामना संगणकावर उभा करणं फुटबॉलपेक्षा सोपं आहे. फुटबॉलमध्ये बावीस जण एकाच वेळी सगळीकडे धावतात. इथे ३० सेकंदांची एक चढाई, समोर जास्तीत जास्त सात जण, मग दुसरी चढाई. रिकाम्या दोन चढायांनंतर तिसरीला 'करो या मरो'. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर जास्तीचा गुण. मॅनेजरने डोकं खाजवावं असं सगळं नियमांतच आहे.

माहिती नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. 'फुटबॉल मॅनेजर'च्या आकड्यांमागे जगभरातले स्थानिक जाणकार असतात, आपापल्या भागातले क्लब बघून नोंदी पाठवणारे. आपल्या किनाऱ्यावर टेनिस बॉलच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दिसतात आणि गावच्या फलंदाजाचा स्ट्राइक रेट क्रिकहीरोजवर सापडतो. 'एक गाव एक संघ' स्पर्धेत बाहेरचा खेळाडू चालत नाही. म्हणजे खरेदी बंद, जे पोरगं गावात आहे त्यालाच घडवायचं. क्लबच्या पोरांवरच संघ उभा करायची हौस असलेले लोक 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये ही अट स्वतःहून घालून घेतात.

नियम मात्र इथलेच लागतील. बोट दर्यावर असेल तर दोन खेळाडू नाहीत. कंपनीत सेकंड शिफ्ट लागली तर कोपरारक्षक नाही. आणि तीन वर्षं घडवलेल्या चढाईपटूला पोलिसात नोकरी लागली, तर तो गावच्या सामन्यांना क्वचितच सापडेल, मंडळाच्या खात्यात एक रुपया येणार नाही, आणि तरीही त्या रात्री मॅनेजरला गावभर पेढे वाटावे लागतील.