चितमपल्लींची वही आणि आपला ‘मूड’

‘दादा, लिहायची प्रेरणा कुठून आणता?’ पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की तो जरा जास्तच येतो. आधी प्रेरणा येते, मग माणूस लिहायला बसतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. हे खरं आहे का, ते आज बघू. त्यासाठी आपल्याच भागात राहून लिहिलेला एक लेखक घेतो : मारुती चितमपल्ली.

चितमपल्ली १९३२ सालचे, मूळचे सोलापूरचे. कोईमतूरला वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात आले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे त्यांच्या नोकरीचे आणि पुस्तकांचेही प्रदेश. १९९० ला निवृत्त झाले आणि त्यानंतर अनेक वर्षं नागपुरात राहिले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘जंगलाने त्यांना लेखक केलं’ हे वाक्य येतंच. मला ते पटत नाही. त्याच जंगलात त्याच काळात शेकडो कर्मचारी होते. जंगल सगळ्यांनाच मिळालं होतं, पण यांच्याकडे वही होती.

त्यांचं पहिलं पुस्तक ‘पक्षी जाय दिगंतरा’ आलं तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास. म्हणजे नोकरीची साधारण वीस वर्षं फक्त बघणं, विचारणं आणि टिपून ठेवणं. तेही सरकारी नोकरी सांभाळून. गस्त, मोजमापं, फायली, बदल्या हे सगळं चालूच. ‘नवेगावबांधचे दिवस’ किंवा ‘रानवाटा’ वाचताना एक गोष्ट करून बघा. सुंदर वर्णनं बाजूला ठेवा आणि नुसती नामं मोजा : झाडाचं नाव, पक्ष्याचं स्थानिक नाव, सांगणाऱ्या माणसाचं नाव, पाणवठा, ऋतू. इतका तपशील वीस वर्षांनी आठवून लिहिता येत नाही. तो त्या त्या दिवशीच उतरवलेला असावा लागतो.

शब्दांचंही तसंच. हेरॉनरीला ‘सारंगागार’ आणि रूकरीला ‘काकागार’ हे शब्द त्यांचे. शिवाय गोंड, ढीवर, पारधी यांच्या तोंडची कितीतरी नावं त्यांनी कागदावर आणली. इथे एक आडवाट घेतो. त्यांनी मराठीला एक लाख शब्द दिले, असं श्रद्धांजलीच्या लेखांमध्ये बिनधास्त छापलं गेलं. मी वाचलेल्या एकाही लेखात हा आकडा कोणी आणि कसा मोजला, ते नव्हतं. शब्द घडवणं आणि बोलीतला शब्द गोळा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, तीही एकाच पोत्यात भरली. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असला आकडा उचललात तर गाईड काय म्हणतील, ते तुम्हाला माहीत आहे.

आता ‘रोज लिहा’ या सल्ल्याकडे येऊ. मोटिव्हेशनवाले ज्याच्या जिवावर तो देतात, तो अभ्यास रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाचा, १९८३ चा. लेखन अडलेले २७ प्राध्यापक, तीन गट. एकाला न लिहायला सांगितलं, दुसऱ्याला वाटेल तेव्हा लिहायला. तिसऱ्या गटाने रोज लिहायचं, नाहीतर नावडत्या संस्थेला पैसे पाठवायचे. मूडवर लिहिणाऱ्यांची पानं रोजी सरासरी ०.९ भरली, सक्तीवाल्यांची ३.२. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नव्या कल्पनाही सक्तीवाल्यांनाच जास्त सुचल्या. वाचायला भारी वाटतं. पण एका गटात नऊ माणसं! आणि तीही लेखन अडलं म्हणून मदत मागायला आलेली. पुढे हेलन स्वॉर्ड यांनी भरपूर आणि चांगलं लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यातले बहुतेक जण रोज लिहितच नाहीत असं आढळलं. म्हणून ‘रोज लिहिलं नाही तर तुमचं काही खरं नाही’ हे कोणी छातीठोकपणे सांगितलं तर थोडं मीठ टाकूनच घ्या.

मला वाटतं, या वादात दोन कामांची गल्लत होते. लेखन एक आणि नोंद दुसरी. लेखनाला सलग वेळ लागतो, घरची शांतता लागते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लाइट गेली तर थिसिसचं प्रकरण पुढे जात नाही, हे मान्यच. नोंदीला दहा मिनिटं पुरतात आणि मूडची गरज नसते. मात्र ती त्याच दिवशी व्हावी लागते. अमेरिकेत बर्कलीच्या संग्रहालयाचे जोसेफ ग्रिनेल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या माणसांना हीच शिस्त लावली. कुठली नोंद पुढे कामाला येईल ते आज कळत नाही, म्हणून सगळं लिहा. सुमारे नव्वद वर्षांनी त्यांच्याच योसेमिटीतल्या जागा पुन्हा तपासल्या गेल्या. २००८ मध्ये आलेल्या पेपरनुसार २८ छोट्या सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या जातींच्या वावराच्या सीमा सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या. जुन्या वह्या नसत्या तर तुलना कशाशी केली असती?

इथपर्यंत चितमपल्ली आणि ग्रिनेल सोबत चालतात. पुढे वाटा वेगळ्या होतात, आणि सायन्सच्या विद्यार्थ्याने चितमपल्ली वाचताना इथे जागं राहायला हवं.

चितमपल्लींच्या लेखनात पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच स्वरात येतं. ‘निळावंती’मध्ये पशुपक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या ग्रंथाची दंतकथा आहे. ते पुस्तक दंतकथेचंच असल्यामुळे वाचक सावध असतो. अडचण पावसाच्या संकेतांमध्ये येते. कावळ्याने बाभूळ, सावर अशा काटेरी झाडांवर घरटं केलं तर पाऊस कमी, आंबा-करंजावर केलं तर चांगला, हा त्यांनी लोकप्रिय केलेला संकेत दर उन्हाळ्यात पेपरात आणि व्हॉट्सॲपवर फिरतो. यातलं निरीक्षण किती, किती वर्षांचं, किती घरट्यांचं आणि गावकऱ्यांकडून आलेलं किती? वाक्य ते सांगत नाही. तपासायचं तर एका परिसरातली सगळी घरटी दरवर्षी मोजावी लागतील. तिथे बाभळी किती आणि आंबे किती, तेही धरावं लागेल, कारण आंबाच नसेल तर कावळा बिचारा काय करणार. घरटं मोजणाऱ्याने झाडाची नोंद पाऊस पडायच्या आधी बंद केलेली हवी. आणि संकेत चुकला ती वर्षंही तितक्याच काळजीने लिहिलेली हवीत. डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे : आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की लगेच टिपायची, कारण अशाच गोष्टी मन लवकर विसरतं.

याचा अर्थ संकेत खोटे, असा मी काढत नाही. ललित लेखकाकडून मेथडॉलॉजीचं प्रकरण मागणंही बरोबर नाही. ते लोकज्ञान त्यांनी नोंदवलं नसतं तर आज तपासायलाही उरलं नसतं. माझी तक्रार आपल्यासारख्या वाचकांबद्दल आहे, जे सुंदर वाक्य आणि तपासलेलं वाक्य यांना सारखंच वजन देतात.

आणखी एक. छापलेल्या पुस्तकात रिकामे दिवस नसतात. काहीच न दिसलेली सकाळ किंवा दिवसभर फायलीच उपसल्याचा दिवस लेखक गाळतो, गाळायलाच हवा. वाचकाला मात्र वाटतं की या माणसाला रोज काहीतरी अद्भुत दिसत होतं, आणि आपल्याला लॅबमध्ये किंवा अंबाझरीच्या काठावर काहीच दिसत नाही. प्रेरणेवरची बहुतेक पुस्तकं अशीच गाळलेल्या दिवसांवर उभी असतात. संशोधकाच्या वहीला तेवढी मुभा नाही. पक्षीगणनेत ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंद असते. ई-बर्डवर यादी देताना ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का, हे विचारतात ते यासाठीच. तुम्ही हो म्हणालात, तरच यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो.

सुरुवात करायची तर ‘चकवाचांदण’ आधी घेऊ नका. ते आत्मचरित्र मोठं आहे आणि त्यातला माणूस लवकर भारावून टाकतो. ‘नवेगावबांधचे दिवस’ घ्या, सोबत पेन्सिल ठेवा. लेखकाने स्वतः पाहिलं त्या वाक्यासमोर ‘प’, ऐकलं तिथे ‘ऐ’, आणि कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह. वीसेक पानं झाली की स्वतःच्या सिनॉप्सिसचा मसुदा काढा आणि त्यावरही हीच अक्षरं घाला.